गढवालची जुनी टोपोशीट (डोंगर-नद्या दाखवणारा सरकारी नकाशा) फ्रेम करायची आहे, सल्ला हवा (नागपूर)

बर्डीकर: सर्व्हे ऑफ इंडियाची शीट क्र. ५३ एन, इंचाला चार मैल. केदारनाथ, बद्रीनाथ, नंदादेवी. कापडावर चिकटवलेली, घड्यांवर ठिसूळ, एका कोपऱ्याला सेलोटेप. फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेट करा, नकाशाची छापील चौकट तिरपी आहे, कडा कापून सरळ करतो. करू?

सातपुडा: कात्री लावू देऊ नका भाऊ! चौकट तिरपी नाही. रेखांश उत्तरेकडे जवळ येतात, म्हणून ३१ अंश अक्षांशावरची वरची कड साधारण ३७.७ सेंमी आणि ३० अंशावरची खालची ३८.१ भरते. उंची ४३.७. कागद आकसला तरी तो चार मिलिमीटरचा फरक राहतोच. दुसरं म्हणजे नंदादेवी (२५,६४५ फूट) उजव्या चौकटीपासून जेमतेम १ सेंमीवर आहे. उजवीकडून कापलं की आधी तिच्यावरच गदा येईल. माउंटही (काचेमागची पुठ्ठ्याची किनार) चौकटीवर चढवू नका, समासाबाहेर ठेवा.

कागदकीडा: लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. टेप ओढू नका. हेअर ड्रायर मंद ठेवून टेपची वरची प्लास्टिक पट्टी सैल करा. खाली राहिलेला पिवळा गोंद संवर्धकाकडूनच (जुने कागद दुरुस्त करणारा तज्ज्ञ) काढा, सॉल्व्हंटने शाई पसरते. कापडही सोलू नका, घड्यांचे तुकडे त्याच्याच आधाराने आहेत.

मे महिन्यात नकाशा उलगडू नका, कोरड्या हवेत घडीवरच तुटतो. जुलैत हवेतच पुरेसा ओलावा असतो: दोन ब्लॉटिंग पेपरांत ठेवून वर काचेचं वजन, दोन-तीन दिवस. इस्त्री अजिबात नाही.

बर्डीकर: आणि फ्रेम?

कागदकीडा: मागे हार्डबोर्ड नको, त्यातलं आम्ल कागदाला तपकिरी करतं. आम्लमुक्त बोर्ड घ्या. नकाशा फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर, गव्हाच्या खळीने टांगा. चारही बाजू चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगायला जागा नाही, मधोमध पोक येतो. काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर दमट दिवसांत चिकटते. कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळा.

सातपुडा: अस्सल की नक्कल, ते दहापट भिंगातून बघा. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी) सलग दिसली तर ठीक. चार रंगांच्या ठिपक्यांची झाली असेल तर प्रिंटरची नक्कल, मग खुशाल लॅमिनेट करा.