फ्युकोझॅन्थिन भरपूर, पण डायटम दिसत नाहीत

मीठपाणी: समुद्राच्या पाण्यातल्या सूक्ष्म शैवालांची रंगद्रव्यं एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजली. निकालात फ्युकोझॅन्थिन हे रंगद्रव्य सगळ्यांत वरचढ आहे, पण आम्ल लुगॉलमध्ये (नमुना टिकवणारं आयोडीनचं द्रावण) ठेवलेल्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली डायटम (सिलिकाचं कवच असलेली एकपेशी शैवालं) मोजकेच सापडतात. वरच्या थरात झियाझॅन्थिन हे दुसरं रंगद्रव्यही बरंच आहे. यंत्राचा घोळ की अर्थ लावण्यातली चूक?

निळीशाई: यंत्राला दोष देण्याआधी 19′-हेक्झॅनॉयलॉक्सीफ्युकोझॅन्थिन (थोडक्यात हेक्झॅनॉयल) या रंगद्रव्याचं शिखर बघा. ते असेल तर फ्युकोझॅन्थिनचा काही वाटा हॅप्टोफाइट या दुसऱ्या शैवालगटाचा. 'फ्युको म्हणजे डायटम' हे समीकरण फार ढोबळ आहे. काही डायनोफ्लॅजेलेटांतही (आणखी एक एकपेशी गट) त्यांच्या नेहमीच्या पेरिडिनिन या रंगद्रव्याऐवजी फ्युकोझॅन्थिनच असतं, कारेनिया त्यातलीच. शिवाय आम्ल लुगॉलमध्ये कोकोलिथ (पेशीवरच्या चुन्याच्या चकत्या) विरघळतात, म्हणून ते अंगावर बाळगणारे हॅप्टोफाइट, म्हणजे कोकोलिथोफोर, नुसत्या गोल पेशी होऊन बसतात आणि ओळखू येत नाहीत. मिनिडिस्कससारखे 2 ते 5 मायक्रॉनचे डायटमही साध्या मोजणीत निसटतात.

तळगाळ: क्लोरोफिलाइड-ए (क्लोरोफिल-ए तुटून होणारं द्रव्य) किती आलंय? जास्त असेल तर गोठवलेला फिल्टर हळूहळू वितळला असणार. पेशी फुटल्या की क्लोरोफिल तोडणारं विकर क्लोरोफिलेज कामाला लागतं, आणि डायटमांत ते जोरदार असतं. मग क्लोरोफिल-ए कमी दिसतं आणि इतर रंगद्रव्यांची त्याच्याशी असलेली सगळी गुणोत्तरं फुगतात. जीएफ/एफ (काचतंतूंच्या) फिल्टरवर मंद उजेडात, हलक्या निर्वातात गाळा, फिल्टर टिपून दुमडा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवायचा नाही, थेट थंड द्रावकात.

मीठपाणी: क्लोरोफिलाइड नगण्य. हेक्झॅनॉयल मात्र चांगलंच आहे. मग झियाझॅन्थिनचं काय?

निळीशाई: मग हॅप्टोफाइटच बघा. झियाझॅन्थिन बहुतेक सायनोबॅक्टेरियांचं (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू), पण त्यातला कोण हे ते सांगत नाही. डायव्हिनाइल क्लोरोफिल-ए (क्लोरोफिलचा एक प्रकार) सापडलं तर त्यातला प्रोक्लोरोकॉकस. एचपीएलसीच्या सी18 प्रकारच्या स्तंभावर ते साध्या क्लोरोफिल-ए सोबतच बाहेर पडतं. सी8 स्तंभ वापरा आणि वर्णपट बघा, निळ्या भागातलं शिखर साधारण 8 नॅनोमीटर लाल बाजूला सरकलेलं असतं.

तळगाळ: आणि सिनेकोकॉकस या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियाचं फायकोएरिथ्रिन हे गुलाबी रंगद्रव्य एचपीएलसीत येणारच नाही. ते पाण्यात विरघळणारं प्रथिन, ॲसिटोन-मिथेनॉलला दाद देत नाही. शोषण मोजताना मिथेनॉलने धुतलेला फिल्टर गुलाबी उरला, 545 नॅनोमीटरच्या आसपास टेकडी राहिली, तर समजा ते तिथेच बसलंय. (आणि ती टेकडी गाळाच्या, म्हणजे निर्जीव कणांच्या, शोषणात जमा करू नका, ही चूक नेहमीची.) फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणारं यंत्र) असेल तर 488 नॅनोमीटरच्या लेझरने नारिंगी प्रकाशणारे सिनेकोकॉकसचे ठिपके वेगळे पडतात, प्रोक्लोरोकॉकस लालसर आणि फार मंद, पृष्ठभागावर तर गोंगाटात हरवतो.

निळीशाई: केमटॅक्स (रंगद्रव्यांच्या गुणोत्तरांवरून गटांचे वाटे काढणारी आज्ञावली) चालवणार असाल तर सगळ्या खोलींचे नमुने एकत्र कोंबू नका. भर उजेडात पेशी क्लोरोफिल घटवतात, झियाझॅन्थिन फारसं हलत नाही, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर वर जातं. गट तोच, आकडा वेगळा. वरचे आणि खोल नमुने वेगवेगळे चालवा, सुरुवातीची गुणोत्तरं बदलून पुन्हा बघा. उत्तर दरवेळी उड्या मारत असेल तर ते वाटे छापू नका.

मीठपाणी: सी8 लावून बघतो. लुगॉलऐवजी कोकोलिथांसाठी काय?

तळगाळ: ताजं पाणी गाळून फिल्टर वाळवा आणि ध्रुवित प्रकाशात बघा. कोकोलिथ काळ्या पार्श्वभूमीवर फुलीसारखे चमकतात.