बॉक्स्टरचे बूट फाटले, बेअरिंगही गेलं: घरी करायचं की गॅरेजला १,४५० डॉलर मोजायचे?

जर्सीकर (धागाकर्ता)
गाडी २००१ ची पोर्शे बॉक्स्टर, सेकंडहँड, ९,५०० डॉलरला घेतलेली. मागच्या डाव्या चाकाच्या आतून ग्रीसचे फटकारे दिसले. खाली वाकून बघितलं तर शाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) आतल्या बाजूचा बूट, म्हणजे सांध्यातलं ग्रीस धरून ठेवणारं रबरी आवरण, चिरलाय, बाहेरच्यालाही तडे आहेत. शिवाय ताशी ४० मैलांच्या पुढे घूंऽऽ असा आवाज येतो. न्यूट्रलला टाकली तरी थांबत नाही, डावीकडच्या लांब वळणावर वाढतो. म्हणजे उजवं मागचं बेअरिंग.
चार बूट आणि मागची दोन्ही बेअरिंग मिळून डीलरने २,६०० डॉलर सांगितले, ओळखीच्या गॅरेजने १,४५०. घरी केलं तर बेअरिंग ९० ची दोन, बूट-किट ३५ चे चार, नवे नट २०, बेअरिंग दाबून काढा-बसवायचं प्रेसचं किट ११०. झाले ४५०. हजार डॉलर वाचतात. माझं मत: घरीच करावं. कोणाला पटत नसेल तर बोला.

ग्रीसचे_डाग
मला पटत नाही. मी हेच काम केलंय, हीच गाडी, हाच हिशोब मांडून.
एक्सलचा नट (चाकाच्या मधोमध शाफ्टच्या टोकावर असतो तो) ४६० न्यूटन मीटरला आवळलेला असतो. चाकाचे बोल्ट १३०. म्हणजे मीटरभर पाइपच्या टोकाला ४७ किलो लटकवल्यासारखं, आणि हे आवळताना. वीस वर्षांच्या गंजाने सुटताना किती लागतं ते नटालाच विचारा. माझा ब्रेकर बार (घट्ट नट सोडवायचा लांब दांडा) वाकला. मग खालचे आर्म (सस्पेन्शनचे दांडे) सोडवून नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो चाकामागचा भाग, बाहेर ओढायचा, तेव्हा कुठे शाफ्ट निघतो. हब (चाक ज्याला बोल्टने लागतं तो भाग) उपसला की बेअरिंगची आतली कडी हबवरच राहते. ती ग्राइंडरने अर्धवट कापून छिन्नीने फोडायची. दोन शनिवार, एक रविवार, आणि सोमवारी ऑफिसात मान वळत नव्हती. त्या हजार डॉलरमध्ये माझी मजुरी धरली तर मी तोट्यात गेलो.

मिशिगनचा_मास्तर
वरच्या प्रतिसादात नट आणि कडी बरोबर, निष्कर्ष चूक.
बूट आणि बेअरिंग ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची एकच मोळी कशाला बांधता? बुटाचं काम चिकट आहे, अवघड नाही. बाहेरचा जॉइंट (बुटाच्या आतला गोळ्यांचा सांधा) शाफ्टवरून निघत नाही, म्हणून आतला काढून दोन्ही बूट त्याच बाजूने चढवायचे. जॉइंट खोलण्याआधी आतल्या कडीवर, गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्यावर आणि बाहेरच्या कडीवर रंगाची खूण करा. गोळ्या आपापल्या खाचेत झिजलेल्या असतात, अदलाबदल झाली की पुढे खडखडाट. साफ केल्यावर खाचेतून नख फिरवा. नख अडलं तर जॉइंट गेला, नवा बूट चढवणं म्हणजे मेलेल्याला टोपी. नाही अडलं तर मॉलिब्डेनमवालं ग्रीस भरा आणि विसरा.

रेडीमेड
एवढं कशाला? पूर्ण नवा शाफ्ट मिळतो ना. बूट, जॉइंट, ग्रीस सगळं आलं. तासाभरात काम.

मिशिगनचा_मास्तर
@रेडीमेड, स्वस्तातला शाफ्ट मी एकदा लावलाय. आठ महिन्यांत ताशी ७० ला स्टिअरिंग थरथरायला लागलं. जुना, मूळ कंपनीचा जॉइंट शाबूत असेल तर ३५ डॉलरचा बूट त्या नव्या शाफ्टपेक्षा जास्त टिकतो. आणि तासाभरात? नट तुमचाही ४६० लाच आवळलाय.

भोसरी_लेथ
पुण्याहून लिहितोय. आमच्याकडे अशा गाड्या कमी, पण बेअरिंग ते बेअरिंग. घरच्या किटवाल्यांचं बिघडतं ते इथे: बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कडीवर द्यायचा, हब घालताना आतल्या कडीला खालून आधार हवा. उलटं केलंत तर सगळा जोर गोळ्यांतून जातो, ट्रॅकवर खळगे पडतात. नवंकोरं बेअरिंग पाचशे किलोमीटरवर रडायला लागतं, मग लोक कंपनीला शिव्या देतात.
तुमचा नकल अ‍ॅल्युमिनियमचा आहे. तापवला की तो पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतो. नकल कोमट करा, बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, अर्धं भांडण तिथेच मिटतं. आणि शाफ्ट काढलेला किंवा नट ढिला असताना गाडी चाकावर ढकलू नका. त्या नटाच्या दाबानेच बेअरिंगच्या आतल्या कडीचे दोन भाग एकत्र राहतात. 'फक्त बाजूला घेतो' म्हणत दोन फूट सरकवून बेअरिंग घालवलेले बघितलेत.
अवांतर: जुन्या बेअरिंगवरचा नंबर टिपून ठेवा. आमच्याकडे गिऱ्हाईक गाडीचं नाव घेऊन येतं, मी नंबर मागतो. डब्यावर पोर्शेचं नाव आलं की किंमत बदलते, आतला माल पुष्कळदा तोच असतो.

ग्रीसचे_डाग
@भोसरी_लेथ काका, हे सगळं एवढं सांभाळायचं असेल तर ते गॅरेजचं काम, हेच तर मी म्हणतोय.

भोसरी_लेथ
नाही. प्रेसचं काम गॅरेजचं. नकल सुटा करून हातात घेऊन गेलात तर कुठलाही वर्कशॉपवाला अर्ध्या तासात बेअरिंग बदलून देईल. गाडी नेली की बिल मोठं होतं.

जर्सीकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन नकल घेऊन गेलो तर किती, असं त्याच गॅरेजला विचारलं: १६० डॉलर, बेअरिंग माझी. म्हणजे ११० चं किट बाद, एकूण ५००. डावं बेअरिंग गप्प आहे, पण तो नट दोनदा सोडवायची माझी तयारी नाही, दोन्ही बदलतो.
@ग्रीसचे_डाग, तुमचा बार वाकला तो किती लांबीचा होता? मी चार फुटी पाइप आणलाय आणि शेजाऱ्याला ब्रेकवर पाय द्यायला बोलावलंय. नट शनिवारी सुटला तर फोटो टाकतो.

ग्रीसचे_डाग
दोन फुटी. आणि नट चाक जमिनीवर असतानाच सोडवा, जॅकवर नाही.