मदत हवी आहे: ब्युरेटमधले परमँगनेटचे तपकिरी डाग ओरखडा न पाडता कसे काढू?

नमस्कार. सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी लॅब असिस्टंट आहे. बारावीची बोर्डाची प्रॅक्टिकल्स तोंडावर आली आहेत आणि बावीस ब्युरेट (खाली तोटी असलेल्या, मापाच्या खुणांच्या लांब काचेच्या नळ्या), तीसेक कोनिकल फ्लास्क आतून तपकिरी झालेत. दिवाळीआधी टायट्रेशन (ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग) झालं, परमँगनेटचं जांभळं द्रावण ब्युरेटमध्ये तसंच राहिलं, सुट्टी लागली. चूक माझीच, कुलूप लावण्याआधी बघायला हवं होतं.

त्यात आमचं धुणं सगळं बोअरच्या पाण्यावर. फ्लास्क वाळला की तळाशी पांढरा थर उरतो.

साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून पाहिलं, डाग ढिम्म हलले नाहीत. मग पावडर लावून ब्रशने घासलं. ब्रशच्या टोकाची तार उघडी पडलेली, एका फ्लास्कच्या तळाला ओरखडा गेला. उजेडात धरला की केसासारखी रेघ दिसते. गरम करताना तिथूनच तडकेल म्हणून तो बाजूला काढला. ब्युरेटला तर ब्रश लावायचीच भीती वाटते. आत थेंब चिकटून राहिले की रीडिंग चुकतं आणि मार्क मुलांचे जातात.

एकाने टॉयलेटचं ॲसिड सुचवलंय. वापरू का?

प्रतिसाद १
ताई, ते ॲसिड अजिबात नको. तपकिरी थर मँगनीज डायऑक्साइडचा आहे, त्यावर टॉयलेटच्या ॲसिडमधलं हायड्रोक्लोरिक पडलं की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. लॅबची काच धुवायच्या क्रोमिक ॲसिडच्याही नादी लागू नका, ते कॅन्सरकारक आहे. औषध तुमच्याच कपाटात आहे: ऑक्झॅलिक ॲसिड. कोमट डिस्टिल्ड पाण्यात साधारण ५ टक्के द्रावण करा, थोडं डायल्यूट सल्फ्युरिक घाला, ब्युरेट भरून ठेवा. डाग आपोआप विरतो, घासायचं कामच नाही. हातमोजे घाला, ऑक्झॅलिक विषारी आहे.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण पांढरा थर आधी काढा. तो कॅल्शियमचा. त्यावर थेट ऑक्झॅलिक ओतलं तर कॅल्शियम ऑक्झॅलेट होऊन नवाच पांढरा थर बसेल. आधी व्हिनेगर, मग डिस्टिल्ड पाण्याने विसळा, मग ऑक्झॅलिक. ब्युरेटची तोटी काचेची असेल तर सोडवून वेगळी धुवा, आणि ज्या ब्युरेटची त्यालाच परत बसवा, नाहीतर गळते.

पुन्हा मी
दोघांचेही मनापासून आभार. आज दोन ब्युरेटवर करून पाहिलं. बारीक बुडबुडे आले, वीसेक मिनिटांत काच स्वच्छ झाली. भरून सोडली तेव्हा पाणी एकसारखं उतरलं, आत एक थेंब राहिला नाही. चार फ्लास्क व्हिनेगरमध्ये ठेवलेत, तळाशी अजून फसफसतंय. एकच विचारायचं राहिलं: हेच ऑक्झॅलिक पुढच्या ब्युरेटला परत चालेल का, की दर वेळी ताजं करू?

प्रतिसाद २
डाग निघतोय तोवर तेच चालेल. वेळ लागायला लागला की ताजं करा. वापरलेलं द्रावण टायट्रेशनसाठी ठेवलेल्या ऑक्झॅलिकच्या बाटलीत मात्र परत ओतू नका.