कोन फिल्टर लावला तर पिकअप खरंच वाढतो का?

घाटप्रेमी: माझी १.२ पेट्रोल, टर्बो नाही. महाबळेश्वरला जाताना गाडी दमते. मित्र म्हणतो एअरबॉक्स (एअर फिल्टरचा बंद डबा) काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) टाक, हवा जास्त जाईल. टाकू का?

स्पॅनर१३: नको रे बाबा. उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो, कंपनीच्या मूळ बॉक्सची नळी पुढून ग्रिलजवळून गार हवा घेते. २० डिग्रीची हवा ५० ला गेली की घनता साधारण ९ टक्के कमी, म्हणजे पैसे देऊन पॉवर घालवायची. आवाज मात्र भारी येतो, त्यालाच लोक पिकअप समजतात 😄

पेट्रोलहेड_नाशिक: +१. आणि महाबळेश्वर जवळजवळ १३५० मीटरवर, तिथे हवाच विरळ, बिनटर्बोचं इंजिन दमणारच, फिल्टर काय करणार त्याला? गिअर खाली टाक, आरपीएम वर ठेव. अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर तर अडथळा थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) पडद्याचाच असतो, फिल्टरचा फरक पडला तर फुल दाबल्यावरच.

घाटप्रेमी: मग काहीच करू नको?

स्पॅनर१३: कागदी फिल्टर काळा झाला असेल तर बदल, थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन क्लीनरने साफ करून घे, इनटेकच्या रबरी नळीला चीर आहे का बघ, क्लॅम्प ढिले असतील तर आवळ. तेलवाला फिल्टर घेतलास तर तेल मोजून लाव, ज्या गाड्यांत एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असतो तिथे जास्तीचं तेल त्याच्या तारेवर बसतं आणि रीडिंग चुकतं.

घाटप्रेमी: ओके, आधी नळी बघतो.