व्हिक्टोरियन महिना: तीन कादंबऱ्या की एकटी 'मिडलमार्च'?

निळीशाई:
आमच्या वाचनगटाने डिसेंबर व्हिक्टोरियन कादंबऱ्यांना द्यायचं ठरवलंय. राणीची कारकीर्द १८३७ ते १९०१. एवढ्या काळातल्या 'गाजलेल्या पाच' उचलल्या तर हाती काही लागत नाही, एक सूत्र धरूनच निवडायला हवं, असं माझं ठाम मत आहे. माझं सूत्र आहे बायकोचा पैसा. १८७०च्या कायद्याआधी इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची स्वतःची कमाईसुद्धा कायद्याने नवऱ्याची असे.

हे डोक्यात ठेवून अ‍ॅन ब्राँटीची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (१८४८) वाचा. हेलन दारुड्या नवऱ्याच्या घरातून मुलाला घेऊन निघते, नाव बदलून राहते, चित्रं विकते. ती एवढी लपून का राहते? सापडली तर मुलगा त्याचा, आणि चित्रांचे पैसेही त्याचेच.

मग विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' (१८५९-६०). लोक ती रहस्यासाठी वाचतात. मला त्यातलं वकील गिलमोरचं कथन सगळ्यात भयंकर वाटतं. लग्न ठरलेल्या लॉराचे वीस हजार पौंड तिच्यामागे कुणाला जाणार, या एका कलमासाठी तो भांडतो आणि हरतो. पुढचं कारस्थान त्यातूनच उभं राहतं.

तिसरी गॅस्केलबाईंची 'नॉर्थ अँड साउथ' (१८५४-५५).

अनुस्वार:
सूत्र पटलं, निवड अजिबात नाही. तिन्ही जाडजूड आहेत. महिन्यात तीन म्हणजे कथानक तेवढं कळणार, माणसं निसटणार. त्यापेक्षा जॉर्ज एलियटची एकटी 'मिडलमार्च' घ्या. १८७१-७२ मध्ये ती आठ भागांत निघाली. आठवड्याला दोन भाग धरले की महिना बरोबर पुरतो. आणि तुमचं सूत्र तिथेही आहेच: नायिका डोरोथियाचा नवरा कॅसॉबन याच्या मृत्युपत्राची पुरवणी. डोरोथियाने त्याच्या तरुण नातलगाशी, लॅडिस्लॉशी, लग्न केलं तर इस्टेट गेली! नवरा मेल्यावरही त्याचा पैसा तिला धाकात ठेवतो. शिवाय डॉक्टर लिडगेटचं कर्ज, बुलस्ट्रोडची बँक.

निळीशाई:
पण इस्टेट सोडली तरी डोरोथियाकडे वर्षाला सातशे पौंड स्वतःचे उरतात. हेलनला चित्र विकल्याशिवाय गत नाही. हा फरक दिसायला दोन्ही शेजारी ठेवावी लागतील, एकटी 'मिडलमार्च' तो दाखवणार नाही.

तिसरा मजला:
तुम्ही दोघंही १८७२ला थांबताय. कायदा झाल्यावर काय झालं? १८८२च्या कायद्याने विवाहितेला स्वतःची मालमत्ता बाळगता आली. त्यानंतरची गिसिंगची 'द ऑड विमेन' (१८९३) बघा. मोनिका दुकानातल्या राबण्याला कंटाळून विडोसनशी लग्न करते, आणि तो संशयाने तिचं बाहेर पडणंही अवघड करून टाकतो. शेजारीच र्‍होडा नन मुलींना टंकलेखन शिकवून पायावर उभं करतेय. गॅस्केल काढा, ही घ्या.

जाडीचं म्हणाल, तर तिचं कारण व्यापारात आहे. तीन खंडांच्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणून लोक म्यूडीच्या वाचनालयातून वर्गणी भरून एकेक खंड आणत. तीन खंड भरायचे तर पानं वाढणारच. मधली काही भराभर उलटली तरी चालतं.

अनुस्वार:
नाही चालत. गिलमोरचं कथन कोरडं म्हणून उलटलं तर नेमकं ते कलमच सुटेल. निळीशाईंनी वर जे दाखवलं ते सावकाश वाचल्यामुळेच दिसलं.

पानगळ:
शेवटच्या आठवड्यात हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' जोडता येईल का? तीही 'करमणूक' साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आलेली, काळही तोच. तिच्या नायिकेच्या, यमूच्या, वाट्याचं वैधव्य डोरोथियाच्या शेजारी ठेवून वाचायला मला आवडेल.

निळीशाई:
पानगळ, घेतली. गिसिंग जानेवारीत नक्की. गॅस्केल मात्र काढणार नाही. तिथे संपानंतर गिरणी गमावून बसलेल्या थॉर्नटनला शेवटी नायिका मार्गारेटच्या वारशाच्या पैशांचा आधार मिळतो, तोही १८७०च्या आधी लिहिलेल्या कादंबरीत. अनुस्वार, लग्नानंतर त्या पैशाचं काय होणार, यावर तुमचं मत ऐकायचंय.