स्टॉकहोमला दोन दिवस, सोबत सासू-सासरे : काय बघावं, काय सोडावं?

गंगापूररोडकर :
नमस्कार मंडळी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ह्यांचं ऑफिसचं काम स्टॉकहोमला आहे. त्याला जोडून सासू-सासऱ्यांनाही नेतोय. हातात मोकळे दिवस दोनच. सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, सासूबाईंना अंडंही चालत नाही. ट्रॅव्हलवाल्याने राजवाडा, सिटी हॉल, नोबेल म्युझियम, वासा जहाजाचं म्युझियम, स्कान्सेन (उघड्यावरचं म्युझियम) असं सगळं कोंबून दिलंय, वासाला एक तास. नाशकातून कुणी जाऊन आलंय का?

अंबडचा क्वालिटीवाला :
ताई, वासाला एक तास देणाऱ्याने वासा पाहिलेलंच नाही. मी अंबड एमआयडीसीत क्वालिटी बघतो, कंपनीने ट्रेनिंगला तिकडे धाडलं होतं. सुट्टीच्या दिवशी आत शिरलो तो दारं बंद व्हायच्या वेळेलाच बाहेर आलो.

१६२८ साल. राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याचं पोलंडशी युद्ध चालू, त्याला जहाजाची घाई. ६४ तोफा, त्यांचे दोन मजले, आणि खालचं पोट अरुंद. आधी धक्क्यालाच चाचणी झाली : तीसेक माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेला पळवली. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलायला लागलं की अ‍ॅडमिरलने थांबवायला सांगितलं. चाचणी हो, जहाज नव्हे! डिस्पॅचची तारीख डोक्यावर असली की काय होतं ते आमच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा. १० ऑगस्टला निघालं, जेमतेम तेराशे मीटर गेलं, वारा आला, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच बुडालं. चौकशी बसली, शिक्षा कुणालाच नाही. मुख्य बांधणारा आदल्या वर्षीच वारला होता.

१९६१ साली वर काढलं. बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे तग धरत नाही, म्हणून एवढं शाबूत. पण मी खिळून राहिलो ते मोजपट्ट्यांपाशी. सुतारांच्या चार पट्ट्या सापडल्यात : दोन स्वीडिश फुटाच्या, दोन अ‍ॅमस्टरडॅमच्या. स्वीडिश फूट बारा इंचांचा, अ‍ॅमस्टरडॅमचा अकरा. एकाच जॉबवर दोन मापं! जहाजाच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नाहीत यात नवल काय.

लिफ्ट आहे, काकांना त्रास नाही. आत जूनमध्येही गार आणि अंधारं असतं, स्वेटर असू द्या. राजवाडा बाहेरून बघा. नोबेल म्युझियम मी तरी सोडीन.

गंगापूररोडकर :
वा, एवढं सविस्तर! आणि जुनं शहर? तिथे दगडी रस्ते आहेत म्हणे.

अंबडचा क्वालिटीवाला :
गमला स्तान. हो, गोटे आहेत, चप्पल नको, बूट घाला. सकाळी आठच्या आत जा, सूर्य साडेतीनलाच उगवलेला असतो आणि क्रूझची गर्दी अजून आलेली नसते. मोर्टेन ट्रोट्सिग नावाचा बोळ आहे, अरुंद जागी ९० सेंटिमीटर. आपल्या जुन्या नाशकातले बोळ पाहिलेल्याला त्याचं काय कौतुक, पण पायऱ्या आहेत, काकांना वरूनच दाखवा. स्टोरटोर्येट चौकात बाक बघून बसवा. १५२० साली डॅनिश राजाने ऐंशीच्या वर माणसं इथेच मारली. आता लोक तिथे कॉफी पितात.

तिथून स्लुसेनच्या धक्क्यावर उतरून ८२ नंबरची बोट धरा, ती युरगोर्डन बेटावर सोडते, वासा तिथून चालत. बस-मेट्रोचंच तिकीट चालतं, ७५ मिनिटं. टूरवाल्यांच्या बोटीला वेगळे पैसे कशाला?

पंचवटीची लेक (सध्या उप्साला) :
थोडी भर. विमानतळावरची एक्स्प्रेस गाडी अठरा-वीस मिनिटांत नेते, पण महाग. चौघं असाल तर ठरलेल्या भाड्याची टॅक्सी बघा. टॅक्सीचे दर इथे सरकार ठरवत नाही, प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून काचेवरचा पिवळा कागद वाचल्याशिवाय बसू नका. रोख क्रोनर बदलून आणू नका, बऱ्याच दुकानांत नोटा घेतच नाहीत. टॅप होणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, आणि तिकिटासाठी प्रत्येकाचं वेगळं, नाहीतर अ‍ॅपवरून काढा.

सासूबाईंसाठी फलाफल जागोजागी. कामाच्या दिवशी दुपारी ‘डागेन्स लंच’ (त्या दिवसाचं ठरलेलं जेवण) मिळतं, सॅलड-ब्रेड-कॉफी त्याच पैशांत, पण अंडं आणि मासे विचारून घ्या, सूपमध्येही निघतात. थेपले, चटण्या आणा. तूप-पेढे मात्र नकोत, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. नळाचं पाणी प्या.

आणि तारखा नीट बघा! मिडसमर हा इथला मोठा उन्हाळी सण, त्याची संध्या १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते. त्या दिवशी आणि शनिवारी शहर ओस पडतं, दुकानं-हॉटेलं अर्ध्याहून जास्त बंद. त्यातच सापडलात तर स्कान्सेन त्या दिवसावर टाका, तिथे खांब उभारून नाच असतो. तिकीट आधी काढा.