पावसाळ्यात कपडे घरातच वाळवायचे की ड्रायर घ्यायचा?

राजारामपुरीची_ताई
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, गॅलरी पश्चिमेला त्यामुळं पावसाची सगळी झड आत येते, जून लागला की तिथली दोरी असून नसल्यासारखी. घरात तान्हं बाळ आहे, त्याची दुपटी-लंगोट रोजची, वर मामंजींची धोतरं आणि ह्यांच्या जीन्स. जीन्स तिसऱ्या दिवशीपण कमरेला ओली लागते आणि टॉवेलला कुबट वास मारतो. ह्यांचं म्हणणं, हप्त्यावर सरळ ड्रायर घेऊन टाकू. मला पटत नाही, एवढं धूड ठेवायचं कुठं आणि लाइट बिल किती येणार? घरातल्या घरात कोण नीट वाळवत असेल तर नेमकं काय करता ते सांगा.

पेठेतला_भाऊ
ताई, एवढ्यात घेऊ नका. आधी तुमच्या वॉशिंग मशीनचं स्पिन, म्हणजे कपडे पिळायचा वेग, बघा. फुल ऑटोमॅटिक टॉप लोड मिनिटाला साधारण ७०० फेरे मारतं आणि सेमी ऑटोमॅटिकचा पिळायचा टब १३०० च्या आसपास, म्हणून सेमीतले कपडे जास्त कोरडे निघतात. तुमचं टॉप लोड असेल तर धुऊन झाल्यावर नुसतं स्पिन परत एकदा लावा, काही मिनिटांचंच काम आहे, पण जे पाणी तिथं निघून जातं ते नंतर पंख्याखाली उडवायला तासन्‌तास जातात.

आणि ऊन नाही म्हणून वाळत नाही असं नसतंय, वारं लागत नाही म्हणून वाळत नाही. सहा किलो कपडे पिळून काढले तरी त्यात तीनेक लिटर पाणी राहतंच, ते सगळं खोलीतल्या हवेत येणार आणि तिथून बाहेर जायला वाट पाहिजे. खिडक्या घट्ट लावून पंखा सोडला की तीच दमट हवा गरागरा फिरत बसते, मग कपाटामागं भिंतीला बुरशी धरते. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा, स्टँड भिंतीपासून लांब घ्या आणि टेबल फॅन खालून तिरका लावा. दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवा, जागा नसेल तर कमी कपडे टाका पण एकावर एक टाकू नका.

जीन्स दोरीवर दुमडून टाकू नका, जिथं दुमडते तिथंच ओली राहते बघा. उलटी करा, खिसे ओढून बाहेर काढा आणि कमरेला चारी बाजूंनी चिमटे लावून पिंपासारखी गोल उघडी टांगा, म्हणजे आतून वारं जातं. शर्ट हँगरवर, बटणं सोडून.

शाहूपुरीकर
आमच्याकडं ड्रायर आहे, म्हणून सांगते. साध्या हीटरच्या ड्रायरला एका खेपेला २ ते ४ युनिट जातात, हीट पंपवाल्याला (तो तीच उष्णता परत परत वापरतो) त्याच्या निम्मे. एक लिटर पाण्याची वाफ करायलाच पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता लागते, ते काही चुकत नाही. तुलनेत ५० वॅटचा टेबल फॅन दहा तास चालला तरी अर्धंच युनिट. आणि ड्रायरच्या जाळीत दरवेळी जो भुगा साठतो तो आपल्याच कपड्यांचा असतो, इलॅस्टिकपण लवकर सैल पडतं. आमच्याकडं अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, रोजच्या चादरी निघतात, त्यामुळं आम्हाला तो लागतोच आणि त्याचं वाईट वाटत नाही. पण तुमच्या घराला पंखा पुरेल असं मला वाटतं.

गगनबावडा_माहेर
आमच्याकडं गगनबावड्याला तर सूर्य दिसायची मारामार. आई रोज थोडं थोडं धुवायची, ढीग साठवायचीच नाही. जाड कपडे मागं ठेवायचे, बाळाचे आधी, उघडीप मिळाली की सगळं सोडून दोरीवर.

राजारामपुरीची_ताई
लई उपयोगी सांगितलंत सगळ्यांनी, पिंपासारखी जीन्स आजच करून बघते. टॉवेलच्या वासाचं काय करू? पावडर वाढवून झाली, वास जात नाही.

पेठेतला_भाऊ
पावडर कमीच करा ताई, नीट खळबळून निघाली नाही की कपड्यात साठते आणि वास वाढतो. तो वास जंतूंचा असतो, मोराक्सेला नावाचा एक जंतू तर त्यासाठीच ओळखला जातो, कापड जितकं जास्त वेळ ओलं तितका तो वाढतो. सुती टॉवेल ६० डिग्रीच्या पाण्यात धुवा, मशीनला हीटर नसेल तर बादलीत गरम पाण्यात भिजवून मग मशीनला टाका. धुऊन झाल्या झाल्या बाहेर काढा, रात्रभर मशीनमध्ये राहू देऊ नका. टांगायच्या आधी जोरात झटका. आणि आंघोळीनंतरचा ओला टॉवेल बाथरूमच्या दाराला अडकवायची सवय घरात असेल तर ती पहिली मोडा, वास तिथूनच सुरू होतो.

शाहूपुरीकर
बाळाची दुपटी मात्र पूर्ण वाळल्याशिवाय घडी करू नका हं ताई. शिवणीला बोटं लावून बघायची, नुसता वरचा पदर बघून कळत नाही.